‘पोराला सरळ घरी का नाही पाठवत?’ तुम्ही विचारलंत म्हणून

मी स्टेशनवर सापडणाऱ्या पोरांचं काम करते, म्हणून लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या मीटिंगला, रिक्षात, हा प्रश्न येतोच. पुणे स्टेशनवर एकटं पोर सापडतं, त्याच्या वहीत वडिलांचा नंबरही मिळतो. मग मिळेल त्या गाडीने घरी का धाडत नाही? समिती, बालगृह, अहवाल कशाला? आईबाप तिकडे रडत असतात!

शेवटचं वाक्य खरं आहे, म्हणूनच उत्तर देताना जीव तुटतो.

बरीच वर्षं मी ‘कायदा आहे’ म्हणून सुटका करून घेत होते. कायदा आहेच. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे असं मूल प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं; मुलाला कुठे ठेवायचं, कधी घरी पाठवायचं, हे ती ठरवते. समितीची बैठक नसेल तर एकट्या सदस्यापुढे नेता येतं. मूल सापडल्याचं न कळवणं हाच गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. शिवाय २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून मूल हरवल्याची तक्रार आली की पोलीस अपहरणाचा गुन्हा नोंदवतात. तुम्ही भल्या मनाने परस्पर गाडीत बसवलेलं पोर घरी पोचलं तरी गावाकडच्या ठाण्यात तो गुन्हा उघडाच राहतो. आणि पोचलं की नाही, हे तुम्हाला कळतही नाही.

पण हे खरं उत्तर नव्हे. खरं उत्तर त्या नंबरापाशी आहे.

नवं पोर फलाटावर लगेच ओळखू येतं. केसांना तेल, पायात चप्पल, मांडीवर दप्तर. गाडी लागली की उठतं, सुटली की पुन्हा त्याच जागी बसतं. आम्ही त्याला बघतो तसे इतरही बघत असतात: हॉटेलात कपबशा विसळायला पोर हवा असलेला, भंगार गोळा करवून घेणारा, आणि त्याहून वाईट हेतूचे. कोण आधी पोचतं यावर पुढची दोन-तीन वर्षं ठरतात. म्हणून जवळ गेल्यावर ‘का पळालास?’ हा प्रश्न नाही. हात धरायचा नाही, उभ्याने बोलायचं नाही. शेजारी खाली बसायचं आणि जेवलास का, एवढं विचारायचं. मग चहा, पोहे, रेल्वे पोलिसांकडे नोंद, वैद्यकीय तपासणी. तुम्हाला असं मूल दिसलं तर तुम्हीही एवढंच करा आणि १०९८ फिरवा. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही हेल्पलाइन आता सरकार चालवतं, फोन फुकट लागतो.

पहिलं सांगितलेलं नाव बहुधा खोटं असतं आणि गाव ‘मुंबई’. ते खोडायचं नाही. बाजार कुठल्या वारी भरतो, एसटी गावात येते की फाट्यावर उतरून चालावं लागतं, जत्रा कुठल्या देवाची, शाळेत खिचडी कोण शिजवतं, शेतात ऊस की तूर, असं विचारत जायचं. पोरं पत्ता लपवतात, पण जत्रेबद्दल भरभरून बोलतात. शनिवारचा बाजार, फाट्यावरून अर्धा तास चाल, खंडोबाची जत्रा आणि तूर, एवढ्यावर तालुका हाती लागतो. मग पहिला फोन जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना, दुसरा पोलीस पाटलांना. वडिलांना नंतर. त्यांना आधी केला तर ते त्याच रात्री जीप करून निघतात आणि आम्हाला काही कळायच्या आत पोर त्यांच्यासमोर उभं असतं.

एका अकरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नंबर वहीत होता, फोन लगेच लावला गेला. दुसऱ्या दिवशी आई आली, सोबत सावत्र वडील. आधार कार्ड, शाळेचा बोनाफाईड, सगळं नीट. आई इतकी रडत होती की ऑफिसातल्या बाईंनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. गृहचौकशी, म्हणजे घरी जाऊन तिथली परिस्थिती बघणं, फोनवरच उरकली गेली, कारण जिल्हा लांब होता आणि रडणारी आई समोर होती. घाई सगळ्यांनाच होती, मलाही. मुलाला विचारलं, ‘घरी जायचं ना?’ तो ‘हो’ म्हणाला. अंघोळीला दिलेला टॉवेल त्याने घडी करून परत दिला. घडी मनासारखी बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली, मग तिसऱ्यांदा. शहाणं पोर, असं तेव्हा वाटलं. तो वेळ काढत होता, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तेविसाव्या दिवशी तो त्याच फलाटावर सापडला. पायात चप्पल नव्हती. मुठीत फडकं, फडक्याला नशेसाठी हुंगतात त्या पंक्चरच्या सोल्युशनचा वास. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला विडीच्या टोकाएवढे तीन गोल डाग, एक अजून ओला. ‘अरे, त्या दिवशी बोलला का नाहीस?’ तो फार शांतपणे म्हणाला, ‘तुम्ही विचारलं तेव्हा ते दारात उभे होते.’

आता नातेवाईक इमारतीत पाऊल टाकायच्या आधी मुलाशी एकट्याने बोलणं होतं. ‘जायचं का?’ हा प्रश्नच नाही, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. रात्री कुठे झोपतोस, जेवायला कोण वाढतं, घरातलं कुणी बाहेर गेलं की बरं वाटतं, असं विचारायचं. आईशी फोन जोडून दिल्यावर त्याने आधी ‘ते कुठायत?’ विचारलं, तर तिथेच थांबायचं.

मग तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळ्यांनाच डांबून ठेवायचं? नाही हो. बरीच पोरं मोबाइल फुटला, नापास झालो, एक थोबाडीत बसली, मित्र म्हणाला ‘चल’, एवढ्यावर निघतात. त्यांनी लवकरात लवकर घरी जावं. संस्था हा शेवटचा उपाय, असं कायदाच म्हणतो आणि मलाही तेच वाटतं. चौकशीला १५ दिवस, अंतिम आदेशाला चार महिने, हे कागदावर. प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यातून अहवाल येत नाही, आला तर सोबत न्यायला पोलीस मिळत नाहीत. दानापूर गाडीने आलेला एक मुलगा फुटलेल्या मोबाइलपायी पळाला होता. त्याचा अहवाल पाच महिने आला नाही. आला तोवर तो भिंतीवरून उडी मारून निघून गेला होता. त्याच्या बाबतीत तुमचा प्रश्न बरोबर होता, आणि माझ्याकडे आजही उत्तर नाही.

टॉवेलवाला आणि दानापूरवाला पहिल्या दिवशी अगदी सारखे दिसत होते, हीच अडचण आहे. पूर्वी मी म्हणायचे, अनुभवाने कळतं. नाही कळत. घरी जाऊन, चुलीपाशी बसून, शेजारणीशी बोलूनच कळतं, आणि त्याला माणूस लागतं. काही घरांत मारहाण नसतेच, नुसती उपासमार असते. तिथे आई एकटी असेल तर सरकारच्या बाल संगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये सुरू करून दिल्याशिवाय पोर पाठवण्यात अर्थ नसतो. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला काढण्यातच तिचे मजुरीचे तीन दिवस जातात.

घरी गेल्यावर सातव्या, पंधराव्या आणि तिसाव्या दिवशी शाळेत फोन. ‘हजेरीला आहे का?’ एवढंच विचारायचं. मे महिन्यात शाळा बंद असते, मुख्याध्यापक आपल्या गावी गेलेले असतात. म्हणून निघतानाच गावातल्या आशाताईंचा नंबर लिहून घ्यायचा. त्या तशाही घरोघरी जातात, आणि कुणाच्या हातावर काय आहे ते त्यांच्या नजरेतून सुटत नाही.