वाळपईहून सुर्ला: ‘जवळच आहे’ म्हणणाऱ्यांचं ऐकू नका

वाळपई डोंगरावर नाही. हे आधीच सांगतो, कारण सायकलने सुर्ला गाठायला आम्ही जिथे उतरलो, त्या जागेच्या जाहिरातीत ‘थंड हवेचं डोंगरी शहर’ असं ठळक अक्षरांत होतं. गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचं हे मुख्य ठिकाण सह्याद्रीच्या पायथ्याला, म्हादईच्या खोऱ्यात वसलंय आणि ऑक्टोबरच्या दुपारी तिथे फोंड्याइतकाच घाम फुटतो. डोंगर पूर्वेला आहे, सरळ भिंत घातल्यासारखा. त्याच्या माथ्यावर साधारण 800 मीटरवर सुर्ला गाव. गारवा हवा असेल तर तो तिथे मिळतो.

“सुर्ला? हें पळय, थंयच आसा” (हे बघ, तिथेच आहे) म्हणत जागेच्या मालकांनी गॅलरीतून बोट दाखवलं. बोट अगदी बरोबर होतं. फक्त रस्ता त्या दिशेने जात नाही. वाळपई सोडून आधी उत्तरेला केरी गाठायची, अंजुणे धरणाच्या कडेने घाटाच्या तोंडाशी यायचं, चोर्ला घाट चढायचा आणि मग सुर्लाच्या फाट्याला वळायचं. म्हणजे समोर दिसणाऱ्या डोंगराला वळसा घालून मागून चढायचं. सायकलवर हे ‘सकाळी जाऊन नाश्त्याला परत’ होत नाही. मालकांनी नाश्ता आठला सांगितला होता, तो आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ला.

केरीपर्यंत काही सांगण्यासारखं नाही. चढउतार आहेत, सावली आहे, मजेत जा.

धरण मागे पडलं की खरं प्रकरण सुरू होतं. चढ फार तीव्र नाही, पण मध्ये दम घ्यायला सपाटी जवळजवळ मिळत नाही. त्यापेक्षा त्रास वाहनांचा. हा बेळगावचा रस्ता आहे. बेळगावची भाजी गोव्यात इथूनच उतरते आणि शनिवार-रविवारी गाड्यांतली मौजमजाही. उतरणारा ट्रक वळणावर पूर्ण रस्ता घेतो, आणि आतल्या बाजूला तुम्ही असाल तर गटारात उतरण्यावाचून इलाज नसतो. मी दोनदा उतरलो. माथ्याजवळ धुकं आलं तेव्हा मागचा लाल दिवा असूनही एक बस हातभर अंतरावरून गेली. म्हणून शनिवार-रविवार नको, अजिबात नको. पहाटे साडेपाचला केरी सोडलेली असली पाहिजे. पुढचा दिवाही लावा, पाठीवर चमकणारी पट्टी घ्या, आणि ब्रेकचे पॅड निघण्यापूर्वी बदला. ‘अजून थोडे आहेत’ म्हणून गेलात तर उतरताना कळेल.

सुर्लाच्या पठारावर मात्र माझा सगळा राग पाणी झाला. कड्याच्या टोकाला उभं राहिलं की खाली सत्तरी पसरलेली दिसते, दाट हिरवी, मध्येच बागायतीचे तुकडे. आणि इतिहासाचा एक गुंता तिथे आपोआप सुटतो. तिसवाडी, बार्देश, साष्टी सोळाव्या शतकातच पोर्तुगीजांकडे गेल्या. सत्तरी मात्र अठराव्या शतकात, नव्या काबिजादीत (म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखात) आली, आणि आल्यावरही नीट ताब्यात कधीच राहिली नाही. वरून पाहिलं की का ते दिसतं. पाठीला घाट, समोर नदी, मध्ये रान. बंडखोर घाट चढून पलीकडे गेला की लिस्बनचा हुकूम संपला.

26 जानेवारी 1852 ला सत्तरीच्या राणे घराण्यातल्या दीपाजी राणे यांनी वाळपईजवळचा नाणूसचा किल्ला घेतला आणि ते बंड 1855 पर्यंत चाललं. पुढे कुष्टोबा राणे यांचं बंड. मग 1895: मोझांबिकला जायला नकार देणाऱ्या, पोर्तुगीज फौजेतल्या मराठा शिपायांनी बंड केलं, नाणूस गाठलं, दादा राणे त्यांना मिळाले. ते मोडायला लिस्बनहून खुद्द राजाचा भाऊ, प्रिन्स आफोन्सो, फौज घेऊन आला. एवढ्याशा रानासाठी!

हे वाचून नाणूसला धावणाऱ्यांना सांगतो, तिथे किल्ला म्हणून फारसं काही उरलेलं नाही. सिंधुदुर्ग-रायगड पाहिलेल्यांची निराशा होईल. म्हादईच्या काठची जागा बघायला जा, तटबुरूज बघायला नको. ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ वाटेवर करा, शांत आहे, छान आहे.

आता पैशांचं. सुर्लात माझ्या सोबत्याच्या सायकलचा मागचा गिअर तुटला. केरीपर्यंत सोडायला एका पिकअपवाल्याने 3,000 रुपये सांगितले, आणि धुकं उतरतंय हे पाहून 3,500 केले. शेवटी चहाच्या टपरीवरच्या काकांनी भाजी रिकामी करायला निघालेला टेम्पो थांबवला. त्याने 400 घेतले आणि सायकलींखाली पोती घातली. तेव्हा भाव आधी ठरवा, आणि ठरवताना आभाळाकडे बघू नका, समोरच्याला कळतं. गिअरचा हँगर (मागचा गिअर सायकलला जोडणारा तुकडा) आणि चेनची सुटी कडी सोबत ठेवा. वाळपईत पंक्चर निघेल, बाकी भरवसा नाही.

रान हलक्यात घेऊ नका. सभोवती म्हादई अभयारण्य आहे, साधारण 208 चौरस किलोमीटरचं. राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी 1999 मध्ये ते जाहीर केलं, आणि जमिनीवरच्या हक्कांवरून गावांत अजून धुसफूस आहे. जानेवारी 2020 मध्ये गोळावलीत चार वाघ मेलेले सापडले, म्हणजे इथे वाघ आहेत हे आता कोणी नाकारू शकत नाही. संध्याकाळी पायवाटा टाळा. धबधब्यांकडे जायचं तर वनखात्याची परवानगी आधी विचारा. जुलै 2023 मध्ये लोक बुडाल्यानंतर अभयारण्यांतल्या धबधब्यांवर बंदी आली होती, त्यामुळे पावसाळ्याचा बेत फोनवर खात्री केल्याशिवाय आखू नका. सुर्लात फोन लागेलच असं नाही, चौकशी खालीच उरका.

मोसम म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबर. मार्च नको, 2023 च्या मार्चात हेच रान पेटलं होतं, आणि तसंही उन्हात तो घाट म्हणजे शिक्षा आहे. सायकल नसेल तर पणजीहून साखळीमार्गे कदंबच्या सरकारी बसने वाळपईला या. सुर्लासाठी मात्र परतीच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारूनच चढा, कारण ती चुकली की पुन्हा तोच पिकअपवाला भेटणार.