विटा उपसून नेलेलं शहर

सुदानमधल्या खार्टूमच्या आग्नेयेला, निळ्या नाईलच्या उजव्या तीरावर सोबा आहे. आज तिथे घरं, कुंपणं, गल्ल्या. खाली अल्वा या नूबियातल्या (नाईलकाठच्या जुन्या प्रदेशातल्या) ख्रिस्ती राज्याची राजधानी. दहाव्या शतकात इब्न सुलैम अल-अस्वानी या इजिप्तहून आलेल्या दूताने इथल्या देखण्या इमारती, बागा आणि सोन्याने भरलेल्या चर्चचं वर्णन केलं. त्यातलं काही उभं दिसत नाही, कारण १९व्या शतकात खार्टूम वसवताना इथल्या लाल भाजक्या विटा उपसून नेल्या.

पण विटा उपसणारा भिंतीच्या ओळीनेच खणत जातो. मागे उरलेल्या चरात विटांचा चुरा, चुना, खापरं आणि सैल माती पडते. भोवतीचा थर घट्ट, भराव भुसभुशीत. थापीने फक्त भराव काढत गेलं की गेलेल्या भिंतीचा आराखडा मोकळा होतो. १९८०च्या दशकात डेरेक वेल्स्बी आणि चार्ल्स डॅनियल्स या पुरातत्त्वज्ञांनी सोबातल्या ‘बी’ टेकाडावर तीन चर्च उजेडात आणली, तीही विटांची अशी लूट होऊन गेलेल्या जागी.

चूक होते ती सरसकट दहा-दहा सेंटिमीटरचे थर काढल्यावर. भराव आणि फरशीवरचा थर एकत्र होतात. भरावात सापडलेलं नाणं किंवा चिलमीचा तुकडा लुटीचा काळ सांगतो, चर्चचा नव्हे.

२०१९पासून पोलिश पथकाने इथे मॅग्नेटोमीटर, म्हणजे न खणता जमिनीतले चुंबकीय फरक टिपणारं यंत्रही वापरलं. भाजल्यानंतर थंड होताना वीट चुंबकत्व धरून ठेवते, त्यामुळे ती ठळक उमटते. कच्च्या विटांची घरं मात्र फिकी. म्हणजे नकाशावर भाजकी वीट परवडणारी श्रीमंत वस्ती मोठी दिसते, हे विसरू नये. उपनगरात खरी डोकेदुखी लोखंडाची: कुंपणाची तार, पाइप, उभी गाडी. मोकळ्या प्लॉटवरचा पत्रा-खिळे आधी वेचावेत. यंत्र धरणाऱ्याच्या पट्ट्याला बक्कलसुद्धा नको.

सोबा कोणी बुडवलं, याचं लोकांचं उत्तर ठरलेलं आहे: अजूबा नावाच्या बाईने. ‘सोबा उजाड करणारी अजूबा’ सुदानभर म्हणीत आहे. राजधानी परंपरेनुसार १५००च्या आसपास मोडली, त्याला एकट्या बाईला जबाबदार धरणं मला पटत नाही. पण गाव खाली गाडलेलं आहे ही आठवण या कथेने टिकवली, हेही खरं.

रहिवाशांकडे आणखी एक ठेवा असतो. शौचखड्डा खणताना किती खोलीवर विटा लागल्या, हे घरमालकाला नेमकं आठवतं. ते विचारावं, जागा नकाशावर मांडावी. सोन्याचा विषय मात्र काढू नये. नाहीतर सोन्यासाठी रात्री कुदळी चालतात.