शिलाईची टेप घेऊन जेलात

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याचं जेल म्हणजे जुन्या तहसील कचेरीमागच्या कोठड्या. मी गावात शिलाईकाम करते, शिवाय गरिबांना फुकट कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीची विधी स्वयंसेवक आहे. समितीच्या पॅनेलवरच्या वकीलसाहेबांसोबत पहिल्यांदा तिथं गेले तेव्हा हवालदार पाठीशीच उभा होता. आम्ही विचारलं, "काही तक्रार?" उत्तर आलं, "नाई जी, सगळं बराबर हाये." नोंदवहीत आधीच्यांनी लिहिलं होतं तेच मीही लिहिलं : स्वच्छता समाधानकारक. त्या सहीची अजून लाज वाटते.

दुसऱ्या खेपेला, भर मे महिन्यात, तक्रारीचं नावच काढलं नाही. विचारलं, "रात्री झोपता कसे?"

एक पोरगा हसला. "पाळीपाळीनं, ताई. आर्धे झोपतेत, आर्धे भितीले टेकून बसतेत."

टेप माझ्या पर्समध्ये कायमच असते. सगळ्यांना जेवायला बाहेर काढलं तेव्हा कोठडी मोजायला घेतली.

"जेलले बी ब्लाउज शिवता का काय, ताई?" हवालदार म्हणाला. पण टेपचं दुसरं टोक त्यानंच धरलं.

18 बाय 12 फूट. केंद्राच्या 2016च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये झोपायला माणशी 3.71 चौरस मीटर जागा सांगितली आहे, म्हणजे जवळपास 40 चौरस फूट. त्या हिशेबानं माणसं पाच मावतात. आत होते अकरा, सगळे कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल अजून न लागलेले. या वेळी नोंदवहीत फक्त आकडे लिहिले.

अहवाल जिल्ह्याला गेला. दोन महिने "वर पाठवलंय" एवढंच ऐकत होतो. नवी कोठडी कोण बांधून देतं! मग वकीलसाहेबांनी एकेकाचे कागद काढले. तिघांना जामीन कधीचाच मंजूर झाला होता, फक्त जामीनदार नव्हता. भूमिहीन मजुरासाठी आपला सातबारा कोण घेऊन येणार? महिनाभरात जामिनाची पूर्तता झाली नाही तर कोर्ट आपणहून अटी सैल करण्याचा विचार करू शकतं, असं सुप्रीम कोर्टानं 31 जानेवारी 2023ला सांगून ठेवलंय. त्याच आधारावर अर्ज लावले. तिघेही जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्याच हमीवर सुटले.

कोठडी तेवढीच आहे, माणसं आठ झाली. संडासाला मात्र दार नाही. परवा गेले तर तिथं खताचं पोतं टांगलेलं.

"आता याचं काय लिहिता, ताई?"

लिहिलं : दार नाही. पोतं आहे.