तुम्ही विचारलंत म्हणून: फिक्स आधी कुठे करायचा?

"मॅम, बग रिलीजमध्ये सापडलाय. फिक्स रिलीज ब्रँचवर करू की ट्रंकवर?" आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात नवीन आलेलं जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत हे विचारतं. घाईत असले की मी एका वाक्यात सांगून मोकळी होते. आज नीट सांगते. (बग म्हणजे चूक, फिक्स म्हणजे तिची दुरुस्ती. ब्रँच म्हणजे कोडची वेगळी चालणारी प्रत: रिलीज ब्रँच ग्राहकाला दिलेल्या आवृत्तीची, आणि ट्रंक म्हणजे नवीन काम चालू असलेली मुख्य ब्रँच.)

आपण अजून सांभाळतोय अशा ज्या सर्वांत जुन्या ब्रँचवर तो बग आहे, तिथे फिक्स करा. मग त्याच दिवशी ती ब्रँच वर, म्हणजे तिच्याहून नव्या ब्रँचमध्ये, मर्ज करत (मिसळत) जा: ४.२ या जुन्या रिलीजमधून ५.० मध्ये, ५.० मधून ट्रंकमध्ये. उलट दिशेने कधीच नाही. ट्रंक रिलीजमध्ये मर्ज केली, तर तुमच्या दोन ओळींबरोबर इतरांचं अर्धवट कामही ग्राहकाकडे जातं.

'त्याच दिवशी' यावर मी इतकी का अडून बसते, तेही सांगते.

चाकणच्या एका कारखान्याच्या गेटवर आमचं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर होतं. ट्रक भरलेला आत येतो, रिकामा बाहेर जातो, आणि दोन वजनांतला फरक म्हणजे उतरलेला माल. कधी ट्रक पूर्ण रिकामा न होताच परत काट्यावर यायचा आणि मालाचा हिशेब चुकायचा. मी ४.२ वर दोन ओळी घातल्या: गाडीचं नोंदवलेलं रिकामं वजन आणि आत्ताचं वजन यांत १०० पेक्षा जास्त फरक असेल, तर गाडी अडवा आणि पुन्हा वजन घ्या. गणपती तोंडावर आले होते. बिल्ड, म्हणजे चालवायला तयार सॉफ्टवेअर, दिलं, ग्राहक खूश झाला, ट्रंकवर उद्या नेऊ म्हटलं आणि घरी गेले. मग गौरी आल्या, सुट्टी झाली, आणि तो उद्या काही उजाडला नाही.

काही महिन्यांनी त्यांना ५.० दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सातला तिथल्या स्टोअरकीपर काकांचा फोन आला. "मॅडम, हे तर तुम्ही मागेच नीट केलं होतं ना?" आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. नीट केलेली गोष्ट आम्ही स्वतःच पुन्हा बिघडवून त्यांच्या हातात दिली होती.

मी घाईघाईने तो कमिट (नोंदवलेला बदल) ५.० वर चेरी-पिक केला, म्हणजे तेवढाच उचलून तिथे लावला. एकही कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोन बदलांची टक्कर, आला नाही. बिल्ड गेलं आणि तासाभरात गेटवर प्रत्येक ट्रक अडायला लागला. रांग पार रस्त्यापर्यंत गेली. झालं असं होतं की मधल्या काळात एका सहकाऱ्याने ट्रंकवर सगळी वजनं किलोऐवजी ग्रॅममध्ये ठेवायला घेतली होती, कारण स्टोअरमधले छोटे काटेही जोडायचे होते. माझे १०० किलो तिथे १०० ग्रॅम झाले. गेटवरचा काटा १० किलोच्या टप्प्याने वजन दाखवतो, म्हणजे एका टप्प्याचा फरक पडला तरी गाडी परत काट्यावर.

गिट, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणारं आमचं साधन, ओळी जुळवतं, अर्थ नाही. कॉन्फ्लिक्ट आला नाही याचा अर्थ एवढाच, की त्याच ओळींना दुसऱ्या कोणी हात लावलेला नाही. आणि मी त्याच संध्याकाळी मर्ज केला असता, तर ग्रॅमचं काम करताना त्या सहकाऱ्याला माझे १०० समोर दिसले असते. त्याने ते तिथेच बदलले असते.

आता मर्जच का, चेरी-पिक का नाही? मर्ज करताना गिट दोन्ही ब्रँचचा शेवटचा समान पूर्वज (दोघींतही असलेला शेवटचा कमिट) शोधतं आणि त्यानंतर दोघींकडे काय बदललं ते बघतं. मर्ज झाला की तो पूर्वज पुढे सरकतो, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त नवीन बदल उरतात. चेरी-पिक नुसती नक्कल आणतो: नवा कमिट, नवा आयडी, मागचा धागा नाही. वाटेत कॉन्फ्लिक्ट सोडवावा लागला की नक्कल मुळाशी जुळत नाही, आणि 'हा फिक्स तिकडे गेला का?' याचं उत्तर माणसाच्या आठवणीवर येतं. सबव्हर्जन या गिटसारख्याच जुन्या साधनात २००८ साली १.५ येईपर्यंत हीच गत होती. कुठले रिव्हिजन (नोंदवलेले बदल) नेले ते आपणच लिहून ठेवायचं.

लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, स्टेबल (जुन्या रिलीज सांभाळणाऱ्या) ब्रँचचा नियम उलटा आहे, हे मला माहीत आहे. तिथे फिक्स आधी मुख्य ट्रीमध्ये, म्हणजे त्यांच्या ट्रंकमध्ये, गेला पाहिजे, मगच तो मागे आणतात, आणि मूळ कमिटचा आयडी संदेशात नोंदवतात. मला तो नियम मान्य आहे, कारण त्यातही फिक्स फक्त जुन्या रिलीजवर अडकून राहू शकत नाही. ट्रंकवर तो भाग पार नव्याने लिहिला असेल, तेव्हा आपणही तसंच करतो. पण आपल्यासारख्या छोट्या टीमला, दोन-तीन रिलीज सांभाळताना, खालून वर हीच दिशा झेपते. स्वतः गिटचा प्रकल्पही दुरुस्त्या मेंट (देखभालीच्या) ब्रँचमधून मास्टर या मुख्य ब्रँचमध्ये अशाच वर नेतो.

राहिला व्हर्जन नंबर बदलणारा कमिट. तो वर जायला नको, पण गेल्याची नोंद हवी. त्या एका कमिटपुरता 'आवर्स' स्ट्रॅटेजीने मर्ज करा: मर्जची नोंद होते, पण वरच्या ब्रँचचा कोड आहे तसाच राहतो.

रोज निघण्याआधी मी एक लॉग (यादी) बघते: रिलीजवर आहेत आणि ट्रंकमध्ये नाहीत असे कमिट. तो रिकामाच असायला हवा. काल त्यात एक ओळ होती. ती लिहिणारी मुलगी बॅग घेऊन कंपनीच्या बसकडे निघालीच होती. तिला थांबवलं. दोघींनी बसून मर्ज केला, टेस्ट हिरव्या होईपर्यंत थांबलो. तिची बस गेली होती, मग मी तिला स्कूटरवर वाकडपर्यंत सोडलं.