तुम्ही विचारलंत म्हणून: मॅन बेटाच्या बँकांचं मला एवढं काय?

“अख्खी नोकरी तालुक्याच्या सहकारी बँकेत कॅशियर म्हणून केलीत, मग तुमच्या बोलण्यात सारखं ते मॅन बेट कुठून येतं?” ठेवीदारांच्या बैठकीत, लग्नकार्यात, कुणी ना कुणी हे विचारतंच. आज नीट सांगते.

मॅन बेट इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधल्या समुद्रात आहे. क्षेत्रफळ ५७२ चौरस किलोमीटर, साधारण मुंबईएवढं. वस्ती मात्र आजही लाखाच्या आत. तिथली संसद त्यांची स्वतःची, टिनवाल्ड. तिथे सुट्ट्या पैशांची चणचण होती, तेव्हा डग्लस गावच्या जॉन मरी या व्यापाऱ्याने १६६८ साली स्वतःच्या नावाची पेनी काढली. एका बाजूला त्याचं नाव, दुसऱ्या बाजूला बेटाची खूण, एकमेकांना जोडलेले तीन पाय. लोकांनी ती घेतली, कारण मरी रोजच्या ओळखीतला. १६७९ मध्ये टिनवाल्डनेही तिला कायद्याने मान्यता दिली.

ओळखीवर पैसा चालतो तो असा. याच ओळखीवर तो बुडाला कसा, ते डम्बेलच्या बँकेत दिसतं.

जॉर्ज विल्यम डम्बेल वकील होता, लॅक्सीच्या खाणीच्या कारभारात होता, बेटावरचं बडं प्रस्थ. त्याने १८५३ मध्ये बँक काढली. बँकेच्या एक पौंडाच्या नोटा घरोघरी असत. १८८७ मध्ये तो वारला. पुढचं दशक भरभराटीचं होतं. लँकेशायरच्या गिरण्यांतले कामगार बोटी भरभरून सुट्टीला येत. हॉटेलं उठली, मद्याचे कारखाने वाढले, १८९३ मध्ये विजेवरची ट्राम सुरू झाली, १८९५ मध्ये तर स्नेफेल डोंगराच्या माथ्यापर्यंत गेली. या धंद्यांना बँकेने भरमसाट कर्ज दिलं. बँकेचा सरव्यवस्थापक अलेक्झांडर ब्रूस हाच ट्राम कंपनीचाही अध्यक्ष. मागणारा तोच, मंजूर करणारा तोच. त्याला अडवायचं कुणी? गावात सगळेच एकमेकांच्या ओळखीचे.

३ फेब्रुवारी १९०० च्या शनिवारी बँक उघडलीच नाही. बेटावर त्या दिवसाला आजही ‘काळा शनिवार’ म्हणतात. ठेवी तर अडकल्याच, शिवाय घरात ठेवलेल्या नोटांचं काय होणार हा घोर वेगळा. पुढे खोट्या ताळेबंदांबद्दल खटला चालला. ब्रूस त्याआधीच वारला होता. संचालकांबरोबर लेखापरीक्षकांनाही शिक्षा झाली, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ताळेबंदावर सही करणारा माणूस निर्दोष नसतो.

आता माझं. आमच्या बँकेच्या शटरवर सकाळी कागद चिकटवलेला होता, खळ अजून ओली होती. कर्मचारी म्हणून मी बाजूच्या दाराने आत गेले. दुपारी बाहेर आले तर पायरीवर भाजीवाली मावशी बसलेली. दर शनिवारी ती पदराच्या गाठीतली चिल्लर माझ्यापुढे ओतायची आणि मी दोनदा मोजायची. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मांडीवर ठेवलं होतं. ती ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “ताई, तुम्ही आत होतात ना?”

होते. संचालकांच्या नातलगाची कर्जाची फाइल माझ्या डोळ्यांदेखत तारणाची कागदपत्रं न बघता पुढे सरकली होती. “आपलाच माणूस आहे,” असं कुणीतरी म्हणालं आणि मी रोख मोजून दिली. त्यानंतर जे हाती लागेल ते वाचत गेले आणि वाचता वाचता या बेटापाशी पोचले. डम्बेलच्या काउंटरमागेही माझ्यासारखी माणसं असणार, हे मनातून जात नाही.

आपल्याकडे १९६० मध्ये अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठे १९६२ पासून ठेवींना विमा आला, तोही दीड हजार रुपयांपर्यंत. सहकारी बँकांच्या ठेवी या विम्यात घेणारा कायदा व्हायला १९६८ उजाडलं. मॅन बेटाला त्याहून उशीर लागला. १९८२ मध्ये तिथली सेव्हिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट बँक ४ कोटी २० लाख पौंडांचं देणं ठेवून कोसळली. ठेवीदारांना भरपाई देण्याची योजना आली १९९१ मध्ये. डग्लसमध्ये टिनवाल्डचं कामकाज ज्या इमारतींत चालतं, त्यांतली एक आधी बँक ऑफ मोना होती. ग्लासगोची तिची मूळ बँक १८७८ मध्ये बुडाली आणि तीही गेली. त्याच भिंतींच्या सावलीत १९०० उगवलं, १९८२ही उगवलं.

मावशीची रक्कम विम्याच्या मर्यादेत होती. दीड वर्षाने तिच्या खात्यात पूर्ण जमा झाली. तोवर तिने मुलीचं लग्न दोनदा पुढे ढकललं होतं.