आईची घारापुरी

आईला घारापुरी पुन्हा एकदा बघायची होती. पण गेटवेहून तासभर लाँच आणि वर 120च्या आसपास पायऱ्या, तिच्या गुडघ्यांना ते झेपणारं नाही. आज फोर्टातल्या एका प्रदर्शनात डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर (आभासी वास्तव) हेडसेटवर लेणी दाखवत होते, तिथे तिला घेऊन गेले.

दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दिसतं म्हणून खोली जाणवते, मान वळवली की दृश्यही वळतं. तंत्र एवढंच. पण जवळजवळ 20 फुटी, तीन चेहऱ्यांचा सदाशिव समोर आला आणि आईने बसल्या जागी हात जोडले. डावीकडचा उग्र अघोर, उजवीकडचा कमळ धरलेला वामदेव, मधला तो शांत चेहरा... एकेकाकडे सावकाश बघत होती. मध्येच खांबाला टेकायला हात पुढे केला. बोटं हवेतच राहिली. मला भरून आलं.

हेडसेट काढला तेव्हा कपाळावर पट्टीचा वळ, कुंकू पसरलेलं. म्हणाली, "सगळं तसंच आहे गं. फक्त तो दगडाचा गारवा नाही."

निवेदन फक्त इंग्रजीत होतं, मी कानाशी लागून मराठीत सांगत होते. हे मराठीतून हवंच, आणि प्रत्येक संग्रहालयात हवं.

टॅक्सीत बसल्यावर लग्नानंतर बाबांबरोबर केलेल्या घारापुरीच्या सहलीबद्दल घर येईपर्यंत बोलत होती.