शंभराला किती?

दुपारी हुमण (माशांची आमटी) आणि भात जेवून आडवी झाले होते. शेजारी भाची बारावीचं अर्थशास्त्र घोकत होती : इतर परिस्थिती कायम राहिल्यास किंमत वाढली की मागणी घटते. इतर परिस्थिती कायम! तीही गोव्यात, ऑगस्टात! यांत्रिक बोटींवरची 61 दिवसांची बंदी 31 जुलैला संपते, जाळी भरून येऊ लागतात आणि नेमका तेव्हाच अर्ध्या घरांत श्रावण. (आमच्याकडे श्रावण फक्त सोमवारी येतो.)

तिच्या आकृतीत किंमत उभी होती, नग आडवे. इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शलने 1890 साली रूढ केलेली ही पद्धत गणितवाल्यांना उलटी वाटते, कारण ज्यावर बाकीचं ठरतं ती गोष्ट ते आडवी मांडतात. म्हापशाच्या बाजारात मात्र किंमत हलतच नाही. बांगड्यांचा वाटा शंभराचाच. हलतात ते बांगडे. आवक असली की शंभराला दहा, वारा सुटला की पाच, बंदीत तीन, तेही बर्फात झोपून आलेले. ‘घे गो बाये, ताजे आसात,’ म्हणताना मासळीवालीच्या चेहऱ्यावर रेष हलत नाही.

आईने भाव कमी करायला कधी सांगितलं नाही. ती कल्ले उचलून बघायची, नाक मुरडायची, चार पावलं पुढे जायची. मागून हाक आली की परतायची आणि म्हणायची, ‘वयर एक घाल.’ तो वरचा एक बांगडा म्हणजे तिची सगळी मिळकत. घरी आल्यावर तो बाबांच्याच ताटात जायचा हे मला अजून खटकतं. मागणी-पुरवठ्याच्या रेघा जिथे छेदतात तिथे भाव ठरतो म्हणे. आमच्याकडे तो आईच्या पाठमोऱ्या चालीवर ठरायचा.

त्या वेळी वाटा दहा रुपयांचा होता. मग पन्नासाचा झाला, मग शंभराचा. म्हणजे आजची टंचाई बांगडे मोजून कळते आणि महागाई नोटेच्या रंगावरून. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य 4 टक्के आहे, ते तंतोतंत पाळलं तरी साधारण 18 वर्षांत भाव दुप्पट होतात. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्रातला फरक मी भाचीला असा समजावला. परीक्षेत लिहू नकोस, हेही सांगितलं.

मार्शलनेही उदाहरण मासळीचंच घेतलंय. गुरांवर रोग पडला, मांस महाग आणि धोक्याचं झालं, लोक मासळीकडे वळले, तर काय होईल? एकेका दिवसाचा भाव वारा-पाऊस ठरवेल. वर्ष-दोन वर्षांत जुनाट होड्या बाहेर निघतील, जहाजांवरचे खलाशी मासेमारीकडे वळतील. आणखी पुढे नव्या होड्या बांधल्या जातील, नवी पोरं धंदा शिकतील. समुद्रातली मासळीच आटायला लागली तर मात्र लांबच्या, खोल पाण्यात जावं लागेल, हेही त्याने लिहून ठेवलंय.

इथे खलाशी उलट्या दिशेने निघालेत. ट्रॉलरवर जाळी ओढायला ओडिशा-झारखंडची माणसं असतात, आणि आमच्या मासळीवालीचा मुलगा क्रूझच्या स्वयंपाकघरात कामाला आहे. तो महिन्याला जे पाठवतो ते तिला टोपलीतून मिळणार नाही, म्हणून ती त्याला परत बोलावत नाही. सुनेने बाजारात बसायचा तर प्रश्नच नाही. चतुर्थीनंतर आपणही बसणार नाही म्हणाली. गुडघे धरलेत.